एका मुलीची पोच

सावेडी, अहमदनगर
२४ नोव्हेंबर १९७२

चि. मलिका हिस,
सलाम.

तुझ्या नावाचा एक कागद परत आला आहे आणि तो माझ्या दारात आला आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. एरवी शाळा सोडून गेलेल्या मुलींना मी पत्रं लिहीत नाही. निवृत्त झाल्यापासून तर नाहीच.

परिचारिका प्रशिक्षणासाठी तुझी निवड झाली हे कार्यालयाच्या पत्रावरून कळलं. अभिनंदन. आता पुढचं नीट वाच. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर नाव आहे मलिका खाजाभाई पिंजारी. खाली मुख्याध्यापिका म्हणून सही माझी. पण अर्जासोबतच्या संमतिपत्रावर 'वडील' या शब्दासमोर अंगठा आहे तो बन्सी कानिफनाथ नवले यांचा. कार्यालय मला विचारतं, एका मुलीला दोन वडील कसे? प्रश्न रास्त आहे. 

१९६० च्या जूनमध्ये बेलापूरच्या शाळेत तुझं नाव मी स्वतः घातलं. तुला रजियाबाई घेऊन आली होती. मुलीचं नाव? 'मलिका.' वडिलांचं नाव? यावर ती पदर तोंडाशी धरून जमिनीकडे बघत राहिली. नवऱ्याचं नाव न घेण्याची ही रीत मी रोज बघायचे आणि रोज चिडायचे. मागे वीस बायका रांगेत होत्या. खाजाभाईनं माझी गादी पिंजून भरून दिली होती, माणूस माहितीचा होता. मी त्याचं नाव लिहिलं आणि 'पुढची' म्हणून हाक दिली.

एकतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात खाडाखोड नाही. आता कार्यालय म्हणतं की ३१ डिसेंबरच्या आत दाखल्यातल्या वडिलांची संमती आणा, किंवा दाखला दुरुस्त करून आणा, किंवा नगरमधल्या कोणीतरी 'स्थानिक पालक' म्हणून जबाबदारी लिहून द्यावी. नाहीतर जागा दुसरीला. तिसरी वाट माझ्याकडे बघून कोणी सुचवली असेल तर आधीच सांगते, मी कोणाची पालक होत नाही. एकीची झाले असते तर दोनशे जणींची व्हावं लागलं असतं.

तेव्हा सरळ सांग. तू कोणाची?

सत्यवती साळवे


बेलापूर
२८ नोव्हेंबर १९७२

ती. बाईंना शि. सा. न.

तुमचं अक्षर बघितलं आणि पोस्टमनसमोर मी ताठ उभी राहिले. तो हसला.

बाई, दोन्ही खरं आहे. कसं सांगू ते कळत नाही, तरी सांगते.

माझ्या आधी आईची तीन मुलं गेली. मी झाले तेव्हा पाचव्या दिवशी तिनं मला सुपात घातलं आणि शेजारच्या रजियाअम्माच्या उंबऱ्यावर ठेवलं. अम्मानं मूठभर धान्य देऊन मला घेतलं. म्हणजे मी त्या घरची झाले, आणि मरणाला माझं घर सापडेना. आईनं नाव ठेवलं दगडाबाई, म्हणजे कोणाची नजर जाऊ नये. अम्मानं ठेवलं मलिका. मूल मोठं झालं की आईनं घरच्या बाजरीनं सूप भरून न्यायचं आणि मूल परत आणायचं. तोपर्यंत खऱ्या बापाचं नाव मुलाच्या देखत घ्यायचं नाही.

म्हणून अम्मा त्या दिवशी गप्प होती. लाजून नाही. मी तिचं बोट धरून उभी होते, आणि तुम्ही विचारलेलं नाव माझ्यासमोर घेतलं असतं तर मी मेले असते, असं तिला वाटत होतं.

सूप भरायचं राहून गेलं. कधी आई भ्याली, कधी अम्मा नाही म्हणाली. मी दोन्हीकडे जेवते. मधे फक्त एक बोळ आहे.

तुम्ही एवढंच लिहून द्या की दाखल्यातली मुलगी ती मीच. मग काही अडणार नाही ना?

आपली विद्यार्थिनी


सावेडी
२ डिसेंबर १९७२

श्री. बन्सी कानिफनाथ नवले यांस,
सलाम.

मी तुमच्या मुलीची जुनी मुख्याध्यापिका. तिचं पत्र मिळालं. त्याखाली तिनं नाव लिहिलेलं नाही, यावरून तिच्या मनाचा गोंधळ कळतो.

सुपाची हकीकत वाचली. १९७२ साल संपत आलं. माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि बेलापुरात मुलीचा बाप सुपावरून ठरतो! ते असो. कायद्यानं मुलीला एकच बाप असतो, आणि तो तुम्ही आहात. श्रीरामपूरला मामलेदारासमोर प्रतिज्ञापत्र करा की ही माझी मुलगी. त्यावरून मी शाळेकडे दुरुस्तीची शिफारस करीन. माझ्या रजिस्टरात पहिली खाडाखोड होईल. होऊ दे.

रजियाबाई मुलीला का अडवून धरते ते मला समजत नाही. तिला समजावणं तुमचं काम. मुदत ३१ तारखेपर्यंत आहे.

सत्यवती साळवे


बेलापूर
७ डिसेंबर १९७२

(बन्सी सांगतात तसंच लिहितो आहे. — राधाकृष्ण, प्राथमिक शिक्षक)

बाईसाहेबास्नी बन्सीचा रामराम.

तुमचं पत्र गुर्जींनी वाचून दावलं. श्रीरामपूरला जा म्हनता. जाईन, पायी जाईन. पन तितं जाऊन काय सांगू? ही माजी लेक? बाई, एकोनीस वर्सं झाली, तिच्यादेखत तिला म्या लेक म्हनलं न्हाई. 'ए पोरी' म्हनतो. माज्या घरात तिला पाव्हनीचं ताट हाय. त्या कागदावर म्या अंगठा लावला, कारन ती म्हनली लावा. काय छापलं हुतं मला ठावं न्हाई.

पोरीची आय मनकर्णा म्हनती, 'तुमी तकडं लेक म्हनून बोलायचं आन् पोरगी नगरात तापानं पडायची. तीन लेकरं म्या या हातानं पुरली, आता चवथीचं मला सांगू नका.'

सूप भरावं तर औंदा शिवारात बाजरीचं एक कनीस न्हाई. रेशनवर परदेशी जुंधळा, लाल मिलो, मिळतूय, त्यो सुपात चालत न्हाई, घरचीच बाजरी लागती. आन् बाजरी असली तरी रजियाबाई सोडत न्हाई. पोरीनंच दोनदा निरोप आनला, 'अम्मा म्हनती अजून एक साल र्‍हाऊ द्या.' त्या माऊलीला पोटचं न्हाई. तिच्याशी म्या भांडू कसा?

खाजाभाईला म्हनलं, मंग तूच लाव अंगठा. त्यो म्हनला, 'बन्स्या, तुजी पोरगी मांडीवर घेतली तवा गाव हसलं. आता कागदावर बाप झालो तर ह्येच गाव हसंल का? दिवस कसं आल्यात बघ की.' त्याचं बी खोटं न्हाई.

माजी भन छबूबाई संगमनेरला दिली. तिचा ल्योक गोरक्ष दूध सोसायटीत लागलाय. दर दिवाळीला ती म्हनती, 'दादा, तू सूप भर, तिसऱ्या दिशी म्या पोरीला कुंकू लावते.' त्ये बी तटलंय. सूप भरल्याबिगर पोरगी माजी न्हाई, आन् माजी न्हाई ती द्यायची कशी? तुमी शिकल्यासवरल्या, तुमीच सांगा.

निशाणी अंगठा, बन्सी नवले

ता. क. — बाई, हे माझं. मी तुमच्या हाताखाली शिकवायला शिकलो, म्हणून लपवत नाही. बन्सी घरी गेल्यावर रजियाबाई आडावर भेटल्या. मी सहज विचारलं, सुपाला तुम्ही नाही का म्हणता? त्यांनी घागर खाली ठेवली. म्हणाल्या, 'म्या? गुर्जी, सा वर्सं झाली, म्या वाट बघतीया. मनकर्णाच भ्येती. पोरीनं सांगितलं मला.' मी बन्सीला काही बोललो नाही. मला यातलं काहीच कळेनासं झालं आहे. — राधाकृष्ण


सावेडी
११ डिसेंबर १९७२

मलिका,

या वेळी सलाम नाही.

बन्सीरावांचं पत्र आलं. ते म्हणतात रजियाबाई सोडत नाही. रजियाबाई म्हणते मनकर्णाबाई नेत नाही. एका बोळाच्या अंतरावर राहणाऱ्या दोन शहाण्या बायका सहा वर्षं एकमेकींची वाट बघत बसतात, हे कसं घडतं? मी दोन रात्री विचार केला. मग माझ्या लक्षात आलं की यात निरोप्या एकच आहे, आणि ती तू आहेस.

तुला प्रशिक्षण हवं. त्यासाठी दाखला दुरुस्त व्हायला हवा. त्यासाठी सूप भरायला हवं. मग तूच ते अडवतेस का? मी गणित शिकवलं आहे. हे उदाहरण सुटत नाही.

खरं लिही. आणि खाली सही कर, कोणती ते तू ठरव.

सत्यवती साळवे


बेलापूर
१५ डिसेंबर १९७२

ती. बाईंना शि. सा. न.

हो, मीच.

सातवीत होते. आईनं सूप शेणानं सारवून वाळवलं होतं. छबूआत्या घरी आलेली होती आणि चोळी शिवायची म्हणून माझ्या दंडाचं माप घेत होती. मला म्हणाली, 'बास झाली आता शाळा, हातावर शाईचे डाग बरे दिसत न्हाईत नवरीच्या.' आई म्हणाली, 'दगडे, जा, इचार तुज्या अम्माला, उद्या यिऊ का.' सुपाचं बोलणं दोन आयांनी आपसात करायचं नाही, तिसऱ्यानं करायचं, अशी रीत आहे. आमच्यात तिसरी मीच होते.

मी बोळ ओलांडला. अम्मा कापूस गोळा करत होती. केस, भुवया सगळं पांढरं. म्हणाली, 'काय म्हनली तुजी आय?' माझ्या तोंडून निघून गेलं, 'भ्येती म्हनली. एक साल जाऊ दे.' परत आले आणि आईला सांगितलं, 'अम्मा रडायली. एक साल र्‍हाऊ द्या म्हनती.' मग खरंच दोघी आपापल्या घरात रडल्या. मी आठवीत गेले.

दहावीत पुन्हा तेच केलं. त्या वेळी शब्दही आठवावे लागले नाहीत.

बाई, आम्ही वर्गात अकरा मुली होतो. मॅट्रिकला बसले ती मी एकटी. बनुबाई गणितात माझ्या पुढे होती, तुम्हालाही आठवत असेल. सातवी होताच तिचं लग्न झालं. आता तिला तीन मुलं आहेत. ती माझ्यापेक्षा कमी नव्हती. तिला एकच घर होतं, एवढंच.

दादा मला देऊ शकत नव्हते, कारण मी त्यांची नव्हते. अब्बा देऊ शकत नव्हते, कारण मी त्यांचीही नव्हते. त्या मधल्या बोळात उभी राहून मी शिकले. तुम्ही चुकून जे नाव लिहिलं त्यानं तो बोळ पक्का झाला. आता तुम्ही म्हणता, एका घरात जा. गेले तर तिसऱ्या दिवशी कुंकू, आणि नगरची जागा कोणा दुसरीची.

पण जाऊ नये असंही वाटत नाही, हेच मला कळत नाही. अर्जात धर्माचा रकाना आला तिथं मी अडले. नवरात्रात उपास धरते. रोजाही पहिला आणि शेवटचा धरते. भूक दोन्ही वेळा सारखीच लागते. दाखल्यात अब्बांचं नाव आहे हे मला पाठ होतं, तरी संमतीचा कागद मी दादांपुढे धरला. का धरला? एकदा तरी त्यांचा अंगठा माझ्या नावाशेजारी उमटावा असं वाटलं असेल. त्या एका अंगठ्यानं हे सगळं उघडं पडलं.

शिक्षा काय ती सांगा.

आपली
दगडाबाई
मलिका
(एक खोडावी असं मनात आलं, पण कोणती ते ठरेना.)


सावेडी
१९ डिसेंबर १९७२

मलिका, दगडाबाई,

तुझं पत्र मिळून दोन दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहून फाडलं. मी कागद वाया घालवणारी बाई नाही.

मी तुला खोटं बोलल्याबद्दल रागावायला बसते, तर डोळ्यांसमोर बनुबाईचं पाटीवरचं अक्षर येतं. तिला घरी नेलं त्या दिवशी मी 'शाळा सोडली' असा शेरा मारला, पुन्हा त्या पानाकडे बघितलं नाही. तुला शाबासकी द्यावी म्हणते, तर त्या दोन बायका समोर येतात.

माझे आजोबा एका उन्हाळ्यात गावकुसाबाहेर राहत होते आणि पुढच्या उन्हाळ्यात मिशनच्या शाळेत बाकावर बसले होते. त्या बाकामुळे मी बी. ए. झाले. मधे दुष्काळ होता, एक पाद्री होता, आणखी काय काय होतं कोणास ठाऊक. तो बाक नसता तर मी कोण असते, असं मी बासष्ट वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. तुला मात्र 'तू कोणाची' म्हणून चटकन विचारलं.

रजिस्टर मी दुरुस्त करणार नाही. माझी चूक होती हे मान्य करूनही करणार नाही. पालक म्हणून सही करायलाही माझा हात उचलत नाही. आज ज्या कारणासाठी करीन, उद्या त्याच कारणासाठी दुसरीला नाही म्हणता येणार नाही.

एकच सांगते. दोन्ही आयांना खरं सांग. एका ठिकाणी, एकाच वेळी. त्यानंतर काय होईल मला माहीत नाही. कदाचित जागाही जाईल. हा सल्ला बरोबर की चूक, हेही मला माहीत नाही. असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

सत्यवती साळवे


सावेडी
३० डिसेंबर १९७२

श्री. बन्सीराव नवले आणि श्री. खाजाभाई पिंजारी यांस,
दोघांना एकच पत्र. राधाकृष्ण गुरुजींनी ते दोघांसमोर एकदम वाचावं.
सलाम.

तुमच्या बायका आज तुम्हाला काय सांगून निघाल्या ते मला माहीत नाही. घडलं ते असं.

दुपारी दोनच्या सुमारास दार वाजलं. मनकर्णाबाईंच्या डोक्यावर रिकामं सूप होतं, रजियाबाईंच्या डोक्यावर गादीची वळकटी होती, आणि मागे पेटी घेऊन मुलगी. तिचे डोळे सुजलेले होते. एसटीत राहुरीपर्यंत दोघी तिला बोलल्या आणि राहुरीपासून पुढे एकमेकींशी बोलल्या, असं कळलं. एकोणीस वर्षांत या विषयावर पहिल्यांदाच.

मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाई, हिनं आमास्नी सा वर्सं खेळवलं. येवढी लबाड!"

रजियाबाई म्हणाल्या, "तुज्यावर गेली."

"माज्यावर? वाढवली कुनी? जिभंला धार तुज्या घरची हाय."

"आन् पोटात कुनी ठिवली हुती?"

मी म्हटलं, भांडण बाहेर करा, चहा आत मिळेल. तर मनकर्णाबाईंनी सूप माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मुलीला म्हणाल्या, "हुबी र्‍हा." एकोणीस वर्षांची मुलगी सुपात मावत नाही. तिनं एक पाय आत ठेवला, दुसरा बाहेर राहिला.

"घ्या, बाई. पदरात घ्या."

मी म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे. मी असलं काही मानत नाही."

रजियाबाई म्हणाल्या, "म्या मुसलमान हाय. म्या तरी कुटं मानत हुते? घेतली."

मनकर्णाबाई म्हणाल्या, "मानायचं त्ये म्या मानते. तुमी नुस्तं घ्या. माज्या नावावर केली तर मला डोळा लागायचा न्हाई. हिच्या नावावर र्‍हायली तर हिचा खाजाभाई भ्येतो. तुमच्याकडं यिऊन मरन काय इचारंल? तुमीच त्याला धा प्रश्न इचारशीला."

यावर मुलगी हसली. मला हसू आलं नाही. मी दारात उभी होते. मला १९६० सालची ती वीस बायकांची रांग दिसत होती आणि मी 'पुढची' म्हणत होते. काय करते आहे ते मला नीट समजत नव्हतं, हे मोकळेपणानं लिहिते. पण पाय आत वळले ते डब्याकडे. डब्यात रेशनचा लाल मिलो तेवढा होता. मी तो मुठीत धरून बाहेर आले आणि विचारलं, हा चालतो का?

"घेताना कोनचंबी चालतं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बाजरी लागती ती परत न्हेताना."

"आणि परत कोण नेणार?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. रजियाबाई म्हणाल्या, "आमी न्हाई न्ह्यायची आता. तिची ती भरंल सूप, तिला वाटंल तवा."

ही रीत पूर्वी होती का, असं मी विचारलं. "न्हाई," दोघी एकदम म्हणाल्या. "आजपासनं हाय."

त्यानंतर मी कार्यालयाच्या कागदावर 'स्थानिक पालक' म्हणून सही केली. आज शनिवार, अर्ध्या दिवसाचं कार्यालय बंद झालं होतं. मी लेखनिकाच्या घरी जाऊन कागद त्याच्या हातात दिला आणि त्याची सही घेतली. सोमवारी सकाळी मुलीला वसतिगृहात पोचवीन. धर्माचा रकाना रिकामा आहे. त्याबद्दल लेखनिकानं मला विचारलं. मी त्याला सांगितलं की ती ठरवेल तेव्हा भरेल, घाई असेल तर माझ्याशी बोला. त्याला घाई नव्हती.

बन्सीराव, संगमनेरला छबूबाईंना कळवा की मुलगी सध्या माझी आहे. मागणी घालायची तर सावेडीला यावं लागेल, आणि माझं उत्तर नाही असं आहे.

खाजाभाई, गादी मऊ आहे. तुमचा हात तोच आहे.

खालची नोंद मी दोन प्रतींत केली. एक तुमच्यासाठी सोबत आहे.

पोच
सावेडी, ता. ३० डिसेंबर १९७२

मनकर्णाबाई बन्सी नवले व रजियाबाई खाजाभाई पिंजारी, दोघी राहणार बेलापूर, यांच्याकडून मिळालं ते: मुलगी एक, वय एकोणीस, नाव माझ्या रजिस्टराप्रमाणे मलिका, घरचं नाव दगडाबाई, दोन्ही हाकांना ओ देते. पत्र्याची पेटी एक. गादी एक. मॅट्रिकचं प्रमाणपत्र एक. सूप एक, रिकामं, सारवलेलं.

माझ्याकडून दिलं ते: लाल मिलो, मूठभर. दोघींनी अर्धा अर्धा वाटून पदराच्या टोकाला बांधला.

सूप माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलं आहे. ते भरण्याचा अधिकार फक्त मुलीचा.

देणार: निशाणी अंगठा, मनकर्णाबाई. नातं, आई.
देणार: निशाणी अंगठा, रजियाबाई. नातं, आई.
घेणार: सत्यवती साळवे. नातं या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाही. कोरा ठेवला आहे.

खाडाखोड नाही.